पोर्ट म्हणजे सील बॉक्सला पाडलेलं भोक नव्हे

सांगली-मिरजेकडं गाडीच्या डिकीत वूफर (बेसचा स्पीकर, म्हणजे सबवूफर) बसवायचा म्हटलं की एक सल्ला हमखास मिळतो: आधी सील बॉक्स करून घे, बेस कमी वाटला तर पुढच्या फळीला होल पाडू, झाला पोर्टेड! पोर्टेड म्हणजे पोर्ट, म्हणजे मोजून कापलेला उघडा पाइप, बसवलेला बॉक्स. त्यामुळं हा सल्ला साफ चूक आहे, आणि यापायी चांगले वूफर वाया जाताना बघून जीव तुटतो.

सील बॉक्स सगळ्यांना माहीत असतो. सगळीकडून बंद, सांध्यांत फेविकॉल, आतून सिलिकॉन. कोंडलेली हवा कोनला (वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला) परत जागेवर ढकलते, त्यामुळं तो ताब्यात राहतो. १८ मिमी एमडीएफ (भुशाची दाबलेली फळी) घ्या, विषय संपला.

खरा घोळ पोर्टचा आहे. पोर्टमधल्या हवेला वजन असतं आणि बॉक्समधली हवा तिला मागंपुढं झुलवते. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की तिचा एकच ठरलेला सूर निघतो, तसाच या बॉक्सचाही एक सूर असतो. त्यालाच ट्यूनिंग म्हणतात. तो ठरतो बॉक्सच्या आतल्या मापावर, पोर्टच्या तोंडावर आणि पोर्टच्या लांबीवर. नेमकी ही लांबीच कोणी मोजत नाही.

५० लिटरच्या बॉक्सला १० सेंटिमीटर व्यासाचा, ३१ सेंटिमीटर लांब पाइप लावला तर ट्यूनिंग ३५ हर्ट्झच्या आसपास येतं. ‘मावत नाही’ म्हणून तोच पाइप १५ सेंटिमीटरवर कापला की ते ४६ वर जातं. आणि ३० लिटरच्या सील बॉक्सला तेवढंच भोक नुसतं फळीत पाडलं तर? पाइप नाहीच, लांबी फक्त फळीच्या जाडीएवढी. ट्यूनिंग ९० च्या पुढं! तिथं सबवूफरचं काम संपत आलेलं असतं. बेस वाढत नाही, नुसता घुमतो.

याहून वाईट म्हणजे ट्यूनिंगच्या खाली पोर्टेड बॉक्समध्ये कोनला आवरणारं कोणी उरत नाही. तो मोकळा उड्या मारतो, त्याला जोडलेली तारेची कॉइल मागच्या प्लेटवर आपटते आणि टकटक ऐकू येते. मग दोष वूफरला, ‘डुप्लिकेट माल निघाला’ म्हणून.

आवाज पडण्यातही फरक आहे. खाली जाताना सील बॉक्सचा आवाज दर सप्तकाला १२ डेसिबलनं उतरतो, पोर्टेडचा २४ नं. ट्यूनिंगच्या जवळपास मात्र पोर्टेड जास्त दणका देतो, हे मान्यच.

हलगी आणि ढोलकी ऐकणाऱ्यानं सीलच करावा, थाप कोरडी आणि नेमकी येते. पहिल्यांदाच बॉक्स करणाऱ्यानंही सीलच. १२ इंची वूफरला सील साधारण एक-सव्वा घनफुटात होतो, पोर्टेडला दोनच्या आसपास लागतात. नक्की आकडा वूफरच्या माहितीपत्रकातून घ्या. हे माप आतलं, बरं का. बाहेरून ३० × १५ × १४ इंचांचा बॉक्स ३.६५ घनफूट दिसतो, आत २.८३ च भरतो. त्यातून वूफर आणि पाइपची जागा वजा करायची ती वेगळीच.

पोर्टेड करायचाच असेल तर अँपला (अँप्लिफायरला) सबसॉनिक फिल्टर, म्हणजे फार खालचे सूर वूफरपर्यंत जाऊ न देणारी सोय, हवाच. तो ट्यूनिंगच्या थोडा खाली लावा, ३५ च्या बॉक्सला साधारण ३० वर. पाइप मावत नसेल तर आत एल्बो लावून वळवा, आणि त्याच्या आतल्या टोकापासून भिंतीपर्यंत निदान पाइपच्या व्यासाएवढी जागा मोकळी सोडा.