मोफत वकील हवाय? उत्पन्नाचा दाखला काढायच्या आधी हे वाचा

कोर्टाचं काम निघालं आणि वकिलाची फी झेपत नसली, की लोक आधी सेतू केंद्रात जाऊन उत्पन्नाच्या दाखल्याच्या रांगेत उभे राहतात. पुष्कळांना त्या दाखल्याची गरजच नसते.

विधी सेवा प्राधिकरण कायदा, 1987 मधल्या कलम 12 ची, मोफत वकील कोणाला मिळतो याची यादी बघा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, मानवी तस्करीला बळी पडलेले, पूर-दुष्काळ-भूकंपाचे आपद्ग्रस्त आणि कोठडीत असलेला कोणीही. यांना उत्पन्नाची अट नाही. चांगल्या पगाराची नोकरी करणारी बाईसुद्धा पात्र ठरते, आणि नेमकं हेच बायकांना कोणी सांगत नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक 3 लाख रुपयांची मर्यादा आहे. तिथेही कायद्याने उत्पन्नाचं प्रतिज्ञापत्र चालतं.

अर्ज तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीत किंवा जिल्हा न्यायालयातल्या प्राधिकरणात करायचा. लिहिता येत नसेल तर तोंडी सांगा, तिथे उतरवून घेतात. 15100 वर फोन करूनही माहिती मिळते. सोबत ओळखपत्र, लागू असेल तो जातीचा किंवा दिव्यांगत्वाचा दाखला आणि प्रकरणाचे कागद न्या. आलेलं समन्स विसरू नका, पुढची तारीख त्यावरच असते.

फौजदारी प्रकरणात घाई असते. अटक झालेल्याने पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं केल्याबरोबर ‘मला वकील नाही’ असं सांगावं. घरच्यांनी जिल्हा न्यायालयातलं लोकअभिरक्षक कार्यालय (आरोपींना मोफत वकील देणारं) गाठावं. आरोपी तुरुंगात असेल तर अर्ज अधीक्षकांमार्फत जातो. फिर्यादीची बाजू सरकारी वकील मांडतात, त्यासाठी वेगळा वकील लावावाच लागतो असं नाही.

पोटगीचा अर्ज भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 125). माहेरी राहत असाल तर तिथल्या कोर्टातही करता येतो, सासरच्या गावी खेटे घालायला नकोत. लग्नाचा दाखला नसेल तर पत्रिका, फोटो जोडा. मुलांचे जन्मदाखले आणि नवऱ्याच्या कमाईचा जो हाती लागेल तो पुरावाही ठेवा.

खरा गोंधळ वारसाच्या प्रकरणांत होतो. नुसती सातबाऱ्यावर वारसनोंद हवी असेल आणि भावंडांत वाद नसेल, तर कोर्टात जाऊच नका, तलाठ्याकडे अर्ज द्या. बँकेतली ठेव, शेअर, येणी यांसाठी 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याखाली उत्तराधिकार प्रमाणपत्र मिळतं, पण फ्लॅट किंवा जमिनीसाठी ते चालत नाही. तिथे 1827 च्या मुंबई रेग्युलेशन 8 खालचा वारस दाखला लागतो. दोनशे वर्षं होत आली तरी हे रेग्युलेशन कामाला येतंय! मृत्युपत्र असेल आणि त्यात एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) नेमलेला असेल तर प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचं कोर्टाचं प्रमाणपत्र. नेमलेला नसेल तर लेटर्स ऑफ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन, म्हणजे मालमत्तेची व्यवस्था लावायचं कोर्टाचं अधिकारपत्र. मृत्यूचा दाखला, मूळ मृत्युपत्र, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, मालमत्तेची यादी आणि मृत्युपत्रावर सही केलेल्या साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र तयार ठेवा. साक्षीदार म्हातारे असतील तर हे काम लांबवू नका.

वारसाच्या कामात वकिलाच्या फीइतकीच कोर्ट फीही जड जाते. मोफत मदतीत कोर्ट फी, समन्स बजावण्याचा आणि नकलांचा खर्चही बसतो. म्हणून अर्जात ‘वकील व कोर्ट फी’ असं दोन्ही स्पष्ट लिहा.

अर्जावर 7 दिवसांत निर्णय व्हायला हवा. नाकारला तर प्राधिकरणाच्या अध्यक्षांकडे अपील करता येतं. नेमून दिलेल्या वकिलाला पक्षकाराकडून एक रुपयाही घेता येत नाही. ‘चहापाण्याचे’ मागितले, तर प्राधिकरणाच्या सचिवांकडे लेखी तक्रार द्या आणि वकील बदलून मागा.