सालीतील दाहशामक द्रव्ये

झाडांच्या सालीत तयार होणारी आणि शरीरातील दाह, म्हणजे सूज, लाली, ठणका व उष्णता, उतरवणारी नैसर्गिक रसायने. आयुर्वेदात दाहयुक्त सुजेला शोथ म्हणतात. वड, पिंपळ, उंबर, पायर आणि पारोसा पिंपळ यांच्या साली मिळून होणाऱ्या ‘पंचवल्कला’च्या काढ्याने जखमा व सुजलेले भाग धुण्याची रीत जुनी आहे.

किडी, बुरशी आणि ओरखड्यांशी झाडाचा पहिला सामना सालीवर होतो. टॅनिन, फ्लेव्होनॉइड व ट्रायटर्पीन ही कडू-तुरट द्रव्ये त्यासाठीच तिथे साठतात. युरोपात विलो या झाडाच्या सालीतून १८२८ साली सॅलिसिन हे वेदनाशामक द्रव्य वेगळे केले गेले. पुढे त्याच्याच वंशातले ॲस्पिरिन आले. ॲस्पिरिन सूज व वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये तयार होऊ देत नाही, हे जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवले.

नागपूर परिसरात अशा सालीचे सर्वांत महत्त्वाचे झाड सालई. पेंचच्या जंगलाकडच्या खडकाळ, कोरड्या उतारांवर ते वाढते. सालीला चीर दिली की सुगंधी, चिकट राळ पाझरते. वाळली की लोक तिला सालईचा डिंक म्हणतात आणि धुपात जाळतात. तिच्यातील बोस्वेलिक आम्ले ५-लिपॉक्सिजनेज या विकराला (एन्झाइमला) रोखतात, त्यामुळे सूज वाढवणारी ल्युकोट्राइन ही द्रव्ये कमी बनतात. ॲस्पिरिनची वाट वेगळी, हिची वेगळी.

या राळेची एक मोलाची चाचणी नागपुरातच झाली. इंदिरा गांधी वैद्यकीय महाविद्यालयातील (नागपूरकरांचे ‘मेयो’) डॉक्टरांनी गुडघ्याच्या झिजेच्या संधिवाताच्या ३० रुग्णांना आठ आठवडे सालईचा अर्क आणि आठ आठवडे निष्क्रिय गोळी आलटूनपालटून दिली. निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध झाले. अर्क घेताना दुखणे कमी झाले, गुडघा जास्त वाकू लागला, चालण्याचे अंतर वाढले. एक्स-रेमध्ये मात्र काहीच बदल दिसला नाही. हा शेवटचा तपशील औषध विकणारे सहसा सांगत नाहीत, तो सांगायलाच हवा. वेदना उतरली म्हणजे झिजलेला सांधा भरून आला, असे नव्हे.

नदीकाठच्या अर्जुनाची साल दुधात उकळून हृदयविकारात देतात. तिच्यातील अर्जुनोलिक आम्लाचा दाहशामक परिणाम मुख्यतः प्राण्यांवरील प्रयोगांत दिसला आहे, म्हणून तिला सालईच्या पंक्तीत बसवता येत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर कोणत्याही सालीचा काढा डॉक्टरांना विचारूनच घ्यावा.

साल काढण्याची पद्धतही औषधाइतकीच महत्त्वाची. पानांत तयार झालेली साखर आतल्या जिवंत सालीतूनच मुळांकडे उतरते. खोडाभोवती पूर्ण कडे सोलले की मुळे उपाशी राहतात आणि झाड वाळते. अर्जुनाची बाहेरची साल आपोआप ढलप्यांनी सुटते. एका बाजूची तेवढीच पट्टी घेतली, तर ती पुन्हा भरून येते. सालईला उथळ, मोजक्या चिरा द्याव्यात आणि पुढच्या चिरांआधी झाडाला विसावा द्यावा.