गार्चॉम्पचा दबदबा आला कुठून?

पोकेमॉन डायमंड आणि पर्ल हे खेळ सप्टेंबर 2006 मध्ये जपानमध्ये आले, त्यातच गार्चॉम्प हा ड्रॅगन पोकेमॉन पहिल्यांदा दिसला. बहुतेकांची त्याच्याशी पहिली ओळख मार खातानाच झाली. खेळाच्या शेवटच्या एलीट फोर या चार तगड्या प्रतिस्पर्ध्यांना कसंबसं हरवून पुढे जावं, तर चॅम्पियन सिंथिया लेव्हल 66 चा गार्चॉम्प बाहेर काढायची. ज्याने आपल्याला धुतलं तोच पुढच्या वेळी आपल्या टीममध्ये हवा, असं अनेकांना वाटलं आणि त्याची लोकप्रियता तिथूनच वाढली. पण तो मिळवायलाही चिकाटी लागायची. त्याचं सुरुवातीचं रूप असलेला गिबल सायकलिंग रोडच्या खालच्या लपलेल्या वाटेने गुहेत शिरल्यावर सापडायचा आणि लेव्हल 48 गाठल्याशिवाय त्याचा गार्चॉम्प होत नसे.

ताकदीचा विषय निघाला की लोक त्याच्या 130 अटॅककडे बोट दाखवतात. माझ्या मते खरी मेख स्पीडमध्ये आहे. त्याचा बेस स्पीड, म्हणजे मुळातला वेग, 102. सॅलामेन्स, चारिझार्ड, झॅपडॉस हे तगडे पोकेमॉन सगळे 100 वर. लेव्हल 100 ला स्पीड पूर्ण वाढवला तर तो 333 आणि ते 328. फरक क्षुल्लक, पण पहिला वार गार्चॉम्पचा. बर्फाचा मारा त्याला चौपट लागतो, ही त्याची दुखरी नस. त्यावर तोडगा म्हणून ‘याचे बेरी’ नावाचं फळ त्याच्याकडे द्यायचं, म्हणजे बर्फाचा एक फटका निम्म्यावर येतो. तेवढ्या उसंतीत स्वोर्ड्स डान्स या चालीने अटॅक दुप्पट करायचा, की मग आउटरेज आणि अर्थक्वेक या त्याच्या हल्ल्यांपुढे फारसं कुणी टिकत नसे.

त्यात भर सँड व्हेलची, म्हणजे वाळूच्या वादळात वार चुकवण्याच्या त्याच्या अंगभूत क्षमतेची. टायरानिटार हा पोकेमॉन मैदानात उतरला की वाळूचं वादळ सुरू, आणि त्या वादळात एरवी हमखास लागणारा वारही पाचात एकदा हुकायचा. डाव बरोबर खेळूनही नशिबाने हरायचं, हे खेळाडूंना सर्वांत जास्त खुपलं. स्मोगन या चाहत्यांच्या स्पर्धात्मक समुदायाने चौथ्या पिढीत, म्हणजे डायमंड-पर्लच्या काळात, त्याला नेहमीच्या टियरमधून (गटातून) काढून उबर्स या अतिबलवानांच्या गटात टाकलं. पाचव्या पिढीतही तेच झालं. पुढे बंदी सँड व्हेलवरच आली आणि रफ स्किन ही दुसरी क्षमता असलेला गार्चॉम्प परतला.

2013 च्या एक्स आणि वायमध्ये त्याला मेगा रूप, म्हणजे लढाईपुरतं घ्यायचं जास्त बलवान रूप, मिळालं. अटॅक 170 झाला, स्पीड मात्र 92 वर घसरला. कागदावर राक्षस, पण अनेकांनी साधाच गार्चॉम्प पसंत केला. ज्यांच्या पुढे राहण्यात त्याची सगळी गंमत होती, ते आता त्याच्या आधी मारू लागले.

अधिकृत स्पर्धा दुहेरी लढतीच्या असतात. तिथे अर्थक्वेक स्वतःच्या जोडीदारालाही लागतो, तरी गार्चॉम्प तिथेही टिकला. 2014 ची जागतिक स्पर्धा सगळ्यांना आठवते ती विजेता खेळाडू सेजुन पार्कच्या पाचिरिसू या चिमुकल्या पोकेमॉनमुळे. त्याच विजेत्या टीममध्ये गार्चॉम्पही होता, हे मात्र फार कुणी सांगत नाही.