पायलट की एएमई? फी भरण्याआधी एकदा हे वाचा

२५ डिसेंबर २०२५ ला उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमानं उडायला लागली आणि आमच्या नौपाड्यातल्या क्लासचा फोन वाजायचा थांबेना. कळवा, घणसोली, खारघर, डोंबिवली, सगळीकडून पालकांचा प्रश्न एकच: "एवढी विमानं येतायत, आमच्या मुलाला पायलट करायचं तर किती खर्च?" याचं खरं उत्तर फोनवर दोन मिनिटांत देता येत नाही, म्हणून हे पत्रक. आम्ही डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याच्या परीक्षांची तयारी करून घेतो, पायलटच्याही आणि विमान देखभालीच्या इंजिनिअरच्या, म्हणजे एएमईच्याही. आमच्याकडे विमान नाही, हँगर नाही, आणि नोकरीची हमी आम्ही देत नाही. दुसरं कोणी देत असेल तर ती लेखी मागा.

गावोगावची विमानं

मोठ्या कंपन्यांच्या बातम्या सगळ्यांना माहीत असतात. नव्या मुलांनी जास्त लक्ष द्यावं ते छोट्या शहरांच्या विमानसेवेकडे. केंद्राची 'उडान' योजना २०१६ साली जाहीर झाली आणि तिचं पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमल्याहून दिल्लीला गेलं. आपल्याकडे नांदेड, जळगाव, कोल्हापूर, नाशिकजवळचं ओझर अशी नावं वेळापत्रकात दिसू लागली. चिपीचं सिंधुदुर्ग विमानतळ ९ ऑक्टोबर २०२१ ला उघडलं, अमरावतीचं बेलोरा १६ एप्रिल २०२५ ला. त्याच वर्षी जूनमध्ये सोलापूरहून गोव्याचं विमान सुरू झालं.

अशा मार्गांवर बऱ्याचदा एटीआर ७२ जातं. सत्तरएक प्रवाशांचं, दोन पंख्यांचं (प्रोपेलरचं) विमान. बेलोऱ्याची धावपट्टी १,८५० मीटरची आहे आणि उलव्याची ३,७०० मीटरची, म्हणजे बरोबर दुप्पट. एटीआरला बेलोऱ्याची धावपट्टी पुरते, म्हणूनच अशा गावांना विमान मिळू शकलं. कोल्हापूरला जाताना एटीआरमध्ये बसलात तर एक गोष्ट बघा: विमान उभं असतं, प्रवासी चढत असतात, डावा पंखा थांबलेला, उजवाही थांबलेला, पण उजवं इंजिन मात्र चालू असतं. पंख्याला ब्रेक लावून ते इंजिन जनरेटरसारखं वापरतात आणि त्यावर आतले दिवे आणि एसी चालतात. या व्यवस्थेला 'हॉटेल मोड' म्हणतात. छोट्या विमानतळावर बाहेरून वीज देणारी गाडी नसली तरी काम अडू नये, म्हणून ही सोय.

अशा विमानावर नवा को-पायलट लवकर घडतो. लांब पल्ल्याच्या विमानात आठ तासांत एक उड्डाण, एक लँडिंग. एटीआरवर दिवसाला चार-चार, कधी त्याहून जास्त. पावसाळ्यात ढगांनी वेढलेला घाट, आखूड धावपट्टी, बाजूने येणारा वारा, हे सगळं हाताखालून जातं. इंजिनिअरचंही तसंच. मुंबईच्या हँगरमध्ये सल्ला विचारायला शेजारी दहा माणसं असतात, छोट्या स्टेशनवर बहुधा तुम्ही एकटेच.

मात्र याची दुसरी बाजूही सांगायलाच हवी. 'उडान'चे मार्ग काही वर्षं सरकारी अनुदानावर चालतात. कॅगने, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या संस्थेने, २०२३ च्या अहवालात मार्गवाटपाच्या पहिल्या तीन फेऱ्यांचा हिशेब दिला होता: ७७४ मार्ग दिले गेले, ३७१ सुरू झाले आणि तीन वर्षांची मुदत फक्त ११२ मार्गांनी पूर्ण केली. म्हणून एखादा मार्ग सुरू झाल्याची बातमी वाचून त्या गावात नोकरी लागेल असा हिशेब मांडू नका. मार्ग बंद पडतो, पण लायसन्स तुमच्याजवळ राहतं. ते कसं मिळवायचं, त्यावर लक्ष द्या.

कमतरता नेमकी कोणाची?

इंडिगोने जून २०२३ मध्ये ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियाने त्याच वर्षी ४७० विमानांची. पायलटची आठवड्याची सलग विश्रांती ३६ वरून ४८ तासांवर गेली, म्हणजे तेवढ्याच उड्डाणांना आता जास्त माणसं लागतात. हे सगळं खरं आहे. पण जाहिरातीत एक गोष्ट सांगत नाहीत: टंचाई आहे ती अनुभवी कॅप्टनची. २०० तासांच्या उड्डाणानंतर मिळणारं लायसन्स घेऊन नुकताच बाहेर पडलेला मुलगा रांगेतच उभा असतो. कधी सहा महिने, कधी दोन वर्षं. कॅप्टन व्हायला लागणाऱ्या एटीपीएल लायसन्ससाठी १,५०० तास लागतात आणि ते तास नोकरीतच भरतात. घरचा हिशेब मांडताना ही मधली वर्षं धरलीच पाहिजेत.

पायलट होण्याचा खर्च ५० लाखांच्या आत बसवणं आज अवघड आहे आणि एखाद्या विशिष्ट विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे ते विमान उडवण्याची खास पात्रता, त्याचा खर्च बहुतेक वेळा त्यावर वेगळा असतो. एवढ्या रकमेला बँक तारण मागते, म्हणजे राहतं घर किंवा गावची जमीन. अंथरूण पाहून पाय पसरावेत, हे आम्ही समोर बसलेल्या प्रत्येक पालकाला सांगतो.

आधी मेडिकल, मग फी

या पत्रकातली एकच गोष्ट लक्षात ठेवणार असाल तर ही ठेवा. पाच वर्षांपूर्वी मुरबाडकडच्या एका कुटुंबाने जमिनीचा तुकडा विकून एका फ्लाइंग स्कूलला पहिला हप्ता भरला. त्यानंतर मुलगा आमच्याकडे मेटिऑरॉलॉजी (हवामानशास्त्र) शिकायला आला. क्लास वन मेडिकलला, म्हणजे पायलटच्या सखोल वैद्यकीय तपासणीला गेला आणि ठिपक्यांच्या रंगीत चकत्यांमधला आकडा त्याला वाचता आला नाही. लाल-हिरव्याचा फरक त्याला लहानपणापासून कमी कळत होता आणि घरात कोणाच्या ते लक्षातच आलं नव्हतं. हप्ता परत मिळवायला वडिलांना आठ महिने चकरा माराव्या लागल्या, तोही अर्धाच मिळाला. आजही नवीन विद्यार्थी आला की आम्हाला ते वडील आठवतात.

म्हणून आधी डीजीसीएच्या यादीतल्या डॉक्टरांकडून क्लास टू (प्राथमिक) मेडिकल करून घ्या, मग क्लास वन. दोन्ही हातात येईपर्यंत कुठेही मोठी रक्कम भरू नका, आमच्याकडेही नाही. चष्मा असला तर घाबरू नका, नंबर मर्यादेत असेल तर चालतो.

बारावीला भौतिकशास्त्र आणि गणित लागतं. कॉमर्सची मुलं हे दोन विषय एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून) देऊन येतात, आमच्याकडे अशी बरीच आहेत. लेखी परीक्षेत नॅव्हिगेशन, मेटिऑरॉलॉजी, रेग्युलेशन्स आणि टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के लागतात. विमानातून रेडिओवर बोलण्याच्या परवान्यासाठी आरटीआर ही परीक्षा वेगळी. २०० तासांच्या उड्डाणात १०० तास स्वतःच्या जबाबदारीवर आणि काही रात्रीचे असावे लागतात.

फ्लाइंग स्कूल निवडताना इमारत बघू नका, विमानं मोजा. विद्यार्थी किती, त्यातली उडण्याजोगी विमानं किती, इन्स्ट्रक्टर किती, गेल्या वर्षी जुलैमध्ये किती तास उड्डाण झालं? गोंदिया, बारामती, शिरपूर, सगळीकडे पावसाळा खोळंबा करतोच, पण विमानं कमी असली की कोरड्या दिवसांतही मुलं वसतिगृहात बसून राहतात. २०२५ पासून डीजीसीए शाळांची श्रेणीवारी जाहीर करते, ती बघून जा. जमलं तर तिथे शिकणाऱ्या दोन मुलांशी कॅन्टीनमध्ये बोला. आमचा अनुभव आहे की ती खरं सांगतात.

एएमई: ज्याच्याबद्दल कोणी विचारत नाही

दहा पालकांत नऊ पायलटबद्दल विचारतात, याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. देखभाल किंवा दुरुस्तीनंतर, विमान उडायला योग्य आहे असं लिहून सही करणारा माणूस म्हणजे एएमई. त्या सहीशिवाय कॅप्टनही विमान हलवू शकत नाही.

इथे एक गैरसमज कायम होतो. एरोनॉटिकल इंजिनिअरिंगची पदवी म्हणजे एएमई लायसन्स नव्हे. पदवीवाला विमान कसं बनवायचं ते शिकतो, पण नुसत्या पदवीवर विमानाच्या दुरुस्तीवर सही करता येत नाही. त्यासाठी डीजीसीएचं लायसन्स लागतं: इंजिन आणि बॉडीसाठी बी-वन, इलेक्ट्रॉनिक्ससाठी बी-टू. बारावीला भौतिक, रसायन, गणित असावं. संस्था कार-१४७ (डीजीसीएचे प्रशिक्षण संस्थांसाठीचे नियम) मान्यतेची आहे का, हे डीजीसीएच्या यादीत स्वतः तपासा, संस्थेच्या बोर्डावर विसंबू नका. मॉड्यूलच्या परीक्षांना ७५ टक्के लागतात आणि मान्यताप्राप्त कोर्सनंतरही लायसन्ससाठी २ वर्षांचा कामाचा अनुभव लागतो. खर्च पायलटच्या मानाने खूपच कमी.

आमच्याकडे पहिल्या आठवड्यात मुलांना लॉकवायर करायला देतो. दोन बोल्ट आणि त्यांच्या डोक्यातल्या भोकांतून ओवलेली बारीक तार. पिळून पिळून एका इंचात सहा ते आठ पीळ बसले पाहिजेत. कमी पडले तर तार सैल, जास्त झाले तर तुटायला आलेली. आणि तार बोल्टला घट्ट करायच्या दिशेनेच ओढणारी हवी, म्हणजे इंजिन कितीही थरथरलं तरी बोल्ट सुटणार नाही. पहिल्या वेळी बहुतेक मुलं तार उलट्या बाजूने लावतात. मग आम्ही कापतो, पुन्हा करायला लावतो. तिसऱ्या-चौथ्या वेळी एखादा मुलगा स्वतःच तार कापतो आणि नवी घेतो, कोणी न सांगता. त्याला आम्ही सांगतो की हे काम तुला जमेल.

हँगरमध्ये हत्यारांचा बोर्ड असतो, प्रत्येक पान्याची बाह्यरेषा त्यावर काढलेली. संध्याकाळी एक जागा रिकामी दिसली तर पाना सापडेपर्यंत विमान सुटत नाही. ज्याला असा काटेकोरपणा आवडतो, त्याने पायलटच्या मागे न लागता इकडे यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

मुलींच्या पालकांसाठी

"मुलीला झेपेल का?" हा प्रश्न अजून येतो. १९८५ साली कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी फोकर फ्रेंडशिप विमान कोलकात्याहून सिलचरला नेलं, आणि त्या विमानात सगळ्या कर्मचारी महिला होत्या. तेही दोन पंख्यांचं, छोट्या शहराकडे जाणारं विमान होतं. मुलीचं मेडिकल आणि गणित, दोनच गोष्टी बघा.

आमच्याकडे येताना

दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणा, चष्मा असेल तर नंबरचा कागद आणा. मेडिकल झालं असेल तर त्याची प्रत. पहिल्या भेटीचे पैसे घेत नाही. विद्यार्थ्याला सोबत आणाच, कारण पालक एकटे आले की आम्ही अर्ध्या प्रश्नांची उत्तरं देऊ शकत नाही. शनिवारी दुपारी तीननंतर हँड्स-ऑनचा वर्ग चालू असतो, तेव्हा आलात तर मुलगा किंवा मुलगी स्वतः तार पिळून बघू शकेल. पक्कड आम्ही देऊ.