लॅमिनेशननं कागद अमर होत नाही

सारंगखेड्याच्या यात्रेतलं तमाशाचं गुलाबी हँडबिल, खानदेशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांची अहिराणी पुस्तिका असं काही जुनं हाती लागलं, की सल्ला ठरलेला: "लॅमिनेशन करून टाक, शंभर वर्षं हलणार नाही."

हलत नाही, पण आतल्या आत जळतं. हा कागद बहुतेक लाकडाच्या स्वस्त लगद्याचा. त्यातलं आम्ल त्याला पिवळा, मग ठिसूळ करतं. प्लॅस्टिकमध्ये कोंडल्यानं ते थांबत नाही. शिवाय लॅमिनेशन म्हणजे गरम चिकट थर. कागदाला धक्का न लावता तो सोलता येत नाही. सेलोटेपही तसाच, वर्षांनी टेप गळते आणि ओळीवर तपकिरी पट्टा उरतो.

मग करायचं काय? गंजकी पिन हळूच काढा, घडी उलगडा, आम्लरहित कागदाच्या पाकिटात सपाट ठेवा. पत्र्याच्या छपराखालची पेटी नको, खानदेशचा मे महिना तिची भट्टी करतो. स्कॅनही करा, पण मूळ प्रत रद्दीत घालू नका. कागदाचा पोत, शाईचा दाब स्कॅनमध्ये उतरत नाही. मागच्या कोऱ्या बाजूला कुणी पेन्सिलीनं उधारीचा हिशेब मांडलेला असतो, तो तर कुणी स्कॅनच करत नाही.