काँक्रीट पॉलिशिंगच्या मधोमध हार्डनर का येतो?

काँक्रीटची फरशी डायमंडने घासून चमकवण्याची पद्धत १९९० च्या दशकात रूढ झाली. स्वीडनच्या एचटीसी कंपनीच्या मशिनांचा त्यात मोठा वाटा आहे. त्या कामात फरशी कडक करायला मधेच जे द्रावण ओततात, म्हणजे हार्डनर, ते मात्र कितीतरी जुने आहे, आणि ते आधी फरशीसाठी नव्हे, दगडासाठी वापरात आले.

बव्हेरियाचे योहान फॉन फुक्स यांनी १८१८ च्या सुमारास पाण्यात विरघळणारी काच, म्हणजे वॉटर ग्लास, तयार केली. १८४० च्या दशकात फ्रान्समधल्या लील शहरात फ्रेदेरिक कुलमान ती मऊ चुनखडीच्या दगडावर मारू लागले. दगड कडक व्हायचा, पण सोडियम-पोटॅशियमचे क्षार आत उरायचे आणि पुढे पापुद्रे सुटायचे. १८८३ मध्ये लुई केसलर यांनी फ्ल्युओसिलिकेटचा (फ्लोरिन आणि सिलिकॉन असलेल्या क्षारांचा) उपाय पुढे आणला. चुन्याशी मिळून त्याचे कॅल्शियम फ्ल्युओराइड आणि सिलिका होते, म्हणजे विरघळणारे काही मागे राहत नाही. 'मागे काय उरते' हाच प्रश्न पुढे प्रत्येक नव्या हार्डनरला विचारावा लागला.

विसाव्या शतकात कारखान्यांत काँक्रीटच्या फरश्या आल्या आणि धुळीची तक्रार सुरू झाली. पाणी जास्त घातले, किंवा वर आलेले पाणी जिरायच्या आत थापीने घोटले, की वरचा थर भुसभुशीत होतो. त्यावर मॅग्नेशियम किंवा झिंक फ्ल्युओसिलिकेट मारत. पहिल्या हाताला लिटरमागे साधारण ६० ग्रॅम, पुढच्या हातांना २४०. पहिलाच हात दाट दिला तर द्रावण वरच्या वर चुन्याला चिकटते आणि खालची छिद्रे कोरडीच राहतात.

सोडियम सिलिकेट, म्हणजे तीच वॉटर ग्लास, काँक्रीटमध्ये वेगळे वागते. सिमेंट जमताना सुटलेला मुक्त चुना त्याला आयता मिळतो आणि सिमेंटला बळ देणारे कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच आणखी तयार होते. अडचण तीच जुनी: सोडियम उरतो. म्हणून फरशी अर्धा-एक तास ओली ठेवायची, द्रावण चिकट होऊ लागले की पाणी मारून घासायचे, पुन्हा दाटले की वायपरने पूर्ण ओढून काढायचे. इथे आळस केला तर पांढरा, काचेसारखा थर बसतो. वाळल्यावर तो घासूनच काढावा लागतो.

पॉलिशिंगमध्ये हार्डनर केवळ धुळीसाठी राहिला नाही. मऊ फरशीवर रेझिन पॅड (रेझिनमध्ये बसवलेले बारीक डायमंड) फिरवले की सिमेंट चकाकण्याऐवजी चुरते, वाळूचा कण सुटतो आणि पॅडखाली ओरखडे काढतो. म्हणून धातूत बसवलेले जाड, म्हणजे मेटल डायमंड (३०, ७०, १२० ग्रिट; ग्रिटचा आकडा मोठा तितका कण बारीक) झाल्यावर आणि रेझिन सुरू करण्यापूर्वी हार्डनर द्यायचा. तेव्हा वरची सिमेंटची साय गेलेली असते, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडने चुन्याचे कार्बोनेट झालेला थर निघून ताजा चुना उघडा पडलेला असतो. त्याआधी दिला तर कडक झालेला थर आपणच घासून टाकतो. ८०० ग्रिटनंतर दिला तर छिद्रे मिटलेली असतात, द्रावण आत जात नाही.

नंतर लिथियम सिलिकेट आले. ते पातळ असते आणि पांढरे डाग कमी पडतात. सोडियमवाले लिटरला सुमारे ५ चौरस मीटर भागवते, लिथियमवाले १० ते १५. घासून धुण्याची गरज बहुधा पडत नाही, त्यामुळे अल्कधर्मी गाळ गटारात जाणेही टळते. आम्हाला ही सुधारणा चमकेपेक्षा मोलाची वाटते.

आपल्याकडे मात्र एक गोष्ट तपासावीच लागते. महाराष्ट्रात फरशीला सर्रास पीपीसी (फ्लाय अ‍ॅश, म्हणजे कोळशाची राख, मिसळलेले सिमेंट) किंवा स्लॅग (भट्टीची मळी मिसळलेले) सिमेंट वापरतात. फ्लाय अ‍ॅश स्वतःच मुक्त चुना खाते, म्हणून त्याच बाटलीचा गुण अशा फरशीवर कमी दिसू शकतो. क्युरिंग कंपाउंडचा (ताज्या काँक्रीटमधले पाणी उडू नये म्हणून मारलेल्या लेपाचा) थर राहिला असेल तर द्रावण शिरतच नाही. आधी पाण्याचे चार थेंब टाकून बघा: पाच मिनिटांत न जिरता मण्यासारखे उभे राहिले, तर अजून घासायचे आहे. आणि कोबाच मुळात अशक्त असेल, नखाने वाळू सुटत असेल, तर कोणतेही सिलिकेट त्याला वाचवणार नाही. तो थर काढून नवा घालावा लागतो.