'पॉइंट मायनस होतीन': गावाकडच्या मोबाइल गेमिंगची पार्श्वभूमी

अमरावती जिल्ह्यात चांदूर रेल्वे, धामणगावच्या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात संध्याकाळी पारावर चार-पाच पोट्टे मोबाइल आडवा धरून बसलेले दिसतात. कोणाकडे बीजीएमआय, म्हणजे पबजी मोबाइलची भारतातली आवृत्ती, कोणाकडे फ्री फायर मॅक्स. दोन्हींत सगळे एका नकाशावर उतरतात, एकमेकांना मारतात आणि शेवटपर्यंत टिकेल तो जिंकतो. यात आता कोणाला नवल वाटत नाही. बदललं आहे ते त्यांचं बोलणं. २०१८-१९ मध्ये कानावर यायचं, "अबे, पोचिंकीत उतर, भल्ली मजा येते." आता येतं, "तिथं कायले उतरला बे? पॉइंट मायनस होतीन ना!" पॉइंट म्हणजे रँकचे गुण, आणि पोचिंकी म्हणजे पबजीतल्या एरँगल या नकाशाच्या मधोमध असलेलं गाव. तिथे उतरलं की पहिल्या दोन-तीन मिनिटांतच धुमश्चक्री, आणि बहुतेक वेळा मरण. आधी पोरं त्यासाठीच उतरायची, आता त्याच कारणाने टाळतात.

याचं खापर सरसकट ई-स्पोर्ट्सवर, म्हणजे व्हिडिओ गेमच्या व्यावसायिक स्पर्धांवर फोडलं जातं. मोठी बक्षिसं आली, पगारी खेळाडू आले आणि मजा गेली, असं. मला ते अर्धंच पटतं, कारण स्पर्धा या खेळांइतकीच जुनी आहे. १९ ऑक्टोबर १९७२ रोजी अमेरिकेत स्टॅनफर्ड विद्यापीठात 'स्पेसवॉर' या गेमची स्पर्धा झाली होती. बक्षीस होतं 'रोलिंग स्टोन' मासिकाची एका वर्षाची वर्गणी. १९८० मध्ये अटारी कंपनीने 'स्पेस इन्व्हेडर्स'ची स्पर्धा घेतली, तिला दहा हजारांवर लोक आले. १९९७ मध्ये डेनिस फाँग या पोराने 'क्वेक'ची स्पर्धा जिंकून त्या गेमच्या निर्मात्यांपैकी एक असलेल्या जॉन कारमॅकची फरारी गाडी घरी नेली. या सगळ्यामुळे घरी बसून खेळणाऱ्याचं काहीच बिघडलं नाही. तो पेपरात बातमी वाचायचा आणि आपला गेम आपल्या पद्धतीने खेळायचा.

आपल्याकडची गोष्ट तर आणखीच निराळी होती. नव्वदीत तालुक्याच्या गावी बसस्टँडजवळ एखादं व्हिडिओ गेम पार्लर असायचं. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' हे खरं नाव कोणालाच ठाऊक नव्हतं, सगळ्यांसाठी तो 'मुस्तफा'. तीन जणांनी एका मशीनवर खांद्याला खांदा लावून खेळायचं, आणि ज्याच्याकडे टोकन नसेल त्याने मागे उभं राहून सल्ले द्यायचे. घरी कॅसेटचा गेम असेल तर 'काँट्रा', दोघांत मिळून. कोणाचे लाइफ संपले की दुसऱ्याचे उसने घ्यायचे आणि त्यावरून भांडायचं. नंतर सायबर कॅफे आले, 'काउंटर-स्ट्राइक' आलं. हाफ-लाइफ या गेमवर दोन हौशी पोरांनी १९९९ मध्ये बसवलेला हा प्रकार व्हॉल्व्ह कंपनीने २००० मध्ये स्वतः बाजारात आणला. आपल्याकडे त्याची १.६ ही आवृत्ती वर्षानुवर्षं चालली. कॅफेत लॅनवर दहा मशीन जोडलेली, समोरचा शत्रू म्हणजे शेजारच्या खुर्चीवरचा वर्गमित्र. त्याने मारलं की दिसेल तिथे टपली मारता यायची. तो चांगला खेळतो की वाईट, हे दहा जणांना तोंडपाठ असायचं. आकडा कुठेच लिहिलेला नव्हता.

आकडा आला बुद्धिबळातून. अर्पाद एलो या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकी प्राध्यापकाने खेळाडूंची ताकद मोजायची पद्धत बसवली, ती १९७० मध्ये जागतिक बुद्धिबळ महासंघ फिडेने स्वीकारली. जिंकलं की गुण वाढणार, हरलं की कमी होणार, आणि कोणाविरुद्ध हरलात त्यावर किती ते ठरणार. ऑनलाइन गेम आल्यावर कंपन्यांना हीच पद्धत सोयीची वाटली, कारण लाखो अनोळखी लोकांतून बरोबरीचे शोधून एकमेकांसमोर उभे करायचे होते. २००९ च्या 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये सुरुवातीला हा नुसता आकडा होता. २०१३ मध्ये त्याच्या पायऱ्या झाल्या: ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा वर चढत जाणाऱ्या. आज बीजीएमआयमध्ये ब्राँझपासून क्राऊन, एस आणि कॉन्करर अशी जी शिडी आहे, ती याच घराण्यातली. कॉन्करर म्हणजे सर्व्हरवरचे पहिले ५००. दर दोन-एक महिन्यांनी सीझन बदलला की रँक खाली घसरते आणि पुन्हा चढायला लागायचं.

या पद्धतीत एक गंमत आहे, म्हटलं तर क्रूर. दोन बाजूंच्या गेममध्ये बरोबरीचे लोक समोर आणणं हेच तिचं काम, त्यामुळे तुम्ही कितीही शिकलात तरी साधारण निम्मे सामने हरणारच. कॅफेतला हुशार पोरगा गावात सतत जिंकायचा आणि भाव खायचा. शिडीवर त्याला कायम स्वतःसारखाच भेटतो.

व्यावसायिक खेळाचा खरा धक्का इथून पुढे बसला, आणि तो गेमच्या आतच बसला. दक्षिण कोरियात १९९७ च्या आर्थिक संकटानंतर वेगवान इंटरनेट आणि गल्लोगल्ली 'पीसी बांग' म्हणजे गेमिंग कॅफे पसरले. 'स्टारक्राफ्ट'चे सामने टीव्हीवर आले आणि २००० मध्ये तिथे अधिकृत ई-स्पोर्ट्स संघटनाही झाली. व्हॉल्व्हने २०११ मध्ये 'डोटा २'ची 'द इंटरनॅशनल' स्पर्धा भरवली, पहिलं बक्षीस १० लाख डॉलर. २०२१ मध्ये त्याच स्पर्धेची एकूण रक्कम ४ कोटी डॉलरवर गेली. एवढा पैसा आला की कंपनीला प्रश्न पडतो, गेम कोणासाठी दुरुस्त करायचा? 'लीग ऑफ लेजंड्स'मध्ये अझीर, राइझ यांच्यासारखी पात्रं साध्या खेळाडूच्या हातात लंगडी आणि प्रो म्हणजे व्यावसायिक संघाच्या हातात जबर ठरली. त्यांच्या ताकदीला कात्री लागली ती सगळ्यांसाठीच. २०१९ मध्ये हा गेम बनवणाऱ्या रायट कंपनीने उघडच मांडलं की पात्रांचा समतोल चार पातळ्यांवर पाहिला जातो: सर्वसाधारण, कुशल, अतिकुशल आणि व्यावसायिक. म्हणजे घरी बसलेल्या माणसाचं आवडतं पात्र एखाद्या संघाने अंतिम सामन्यात काय केलं त्यावरून अधू होऊ शकतं.

'ओव्हरवॉच'चं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. व्यावसायिक संघांना तीन टँक (पुढे राहून मार झेलणारे) आणि तीन सपोर्ट (साथीदारांना सावरणारे) असा संच सापडला, त्याला 'गोट्स' म्हणायचे. सामने रटाळ झाले. शेवटी २०१९ मध्ये कंपनीने प्रत्येक संघात दोन टँक, दोन डॅमेज (मारा करणारे), दोन सपोर्ट असा नियम घातला, आणि तो फक्त व्यावसायिक संघांच्या लीगपुरता ठेवला नाही. मधेच पात्र बदलून वाटेल ते करून पाहायचं, ही त्या गेमची जान होती. सगळे खेळतात त्या नेहमीच्या प्रकारातूनही ती गेली. २०२३ मध्ये ती लीगही बंद पडली. उलट 'फोर्टनाइट'ने वेगळी वाट काढली. त्याच्या २०१९ च्या विश्वचषकात १६ वर्षांच्या काइल गीर्सडॉर्फने ३० लाख डॉलर जिंकले. तोवर भराभर भिंती उभारण्याचं कसब एवढं पुढे गेलं होतं की नवख्याला पायच ठेवता येईना. मार्च २०२२ मध्ये कंपनीने बांधकाम नसलेला वेगळा प्रकार कायमचा सुरू केला. मला तो शहाणपणाचा वाटतो: प्रो लोकांचं त्यांच्याकडे, बाकीच्यांना दुसरं अंगण.

विदर्भातल्या खेड्यात हे सगळं एका दमात येऊन पोचलं. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा स्वस्त झाला. मार्च २०१८ मध्ये पबजी मोबाइल जगभर खुला झाला. कॅफेचा टप्पा ज्यांनी पाहिलाच नाही अशी पोरं थेट शंभर जणांच्या रणांगणात उतरली. पहिलं वर्ष मजेचं होतं. 'ऑल' चॅनल चालू ठेवला की जवळ आलेल्या शत्रूचाही आवाज ऐकू यायचा, आणि कधी तो पंजाबचा निघायचा तर कधी बिहारचा. चौघं एका गाडीत बसून नकाशाभर नुसते भटकायचे.

मग २०१९ मध्ये पबजी मोबाइल इंडिया सिरीज झाली, एक कोटीची. हैदराबादची अंतिम फेरी 'सोल' या संघाने जिंकली. त्यातला नमन माथुर म्हणजे 'मॉर्टल' आणि दुसरीकडे यूट्यूबवरचा 'डायनॅमो' आदित्य सावंत ही दोघंही मुंबईकडची. आपल्या राज्यातलं पोरगं गेम खेळून मोठं होऊ शकतं, हे गावाने पहिल्यांदा पाहिलं. यातून आनंदही मिळाला, तो नाकारायला नको. प्रो सामने पाहणं ही स्वतंत्र मौज आहे. खेळायची जागा आक्रसत जाऊन चार संघ एका छोट्या वर्तुळात अडकलेले असतात तेव्हा पारावर एकाच मोबाइलभोवती आठ डोकी जमतात.

पण सामना संपला की तीच पोरं तोच गेम उघडतात, आणि तिथे घोळ होतो. प्रो संघ उतरायच्या जागा आधीच वाटून घेतात, म्हणजे सुरुवातीलाच दोन संघ भिडून बाद होऊ नयेत. बक्षीस मोठं आहे, तर हे बरोबरच. पारावरच्या स्क्वाडनेही 'आपला ड्रॉप' ठरवला, एक जण आयजीएल झाला, म्हणजे हुकूम सोडणारा. गंमत करणाऱ्यावर तो ओरडू लागला. रँकचे गुण किल्सइतकेच, किंबहुना जास्तच, किती उशिरापर्यंत जिवंत राहिलात त्यावर मिळतात. त्यामुळे घरात लपून वाट पाहणं शहाणपणाचं ठरलं. वीस मिनिटं खिडकीत बसायचं, शेवटी दोन गोळ्या, संपलं.

हत्यारांचं तर काय सांगावं! प्रो खेळाडूचा सेन्सिटिव्हिटी कोड, म्हणजे नेम किती वेगाने हलतो त्याची सेटिंग, यूट्यूबवरून उतरवायचा आणि आपल्या फोनमध्ये टाकायचा. तो कोड बहुतेकदा जायरो वापरणाऱ्यासाठी, म्हणजे फोन तिरका करून नेम धरणाऱ्यासाठी असतो. स्वस्त फोनमध्ये बऱ्याचदा जायरोस्कोपच नसतो. कोड टाकूनही फरक पडत नाही, म्हणून पोरगा चार बोटांचं 'क्लॉ' शिकतो. तेवढ्यात लाइन जाते, टॉवर रडकुंडीला येतो, पिंग (नेटची दिरंगाई) लाल होते आणि शत्रू दिसायच्या आत हा लुडकलेला असतो. दोन-तीन जीबी रॅमचा फोन असलेले म्हणूनच फ्री फायरकडे गेले. ५० खेळाडू आणि दहा-एक मिनिटांत खेळ आटोपला. ते गेममध्ये कमी नव्हते, फोनमध्ये होते. पण 'फ्री फायरवाले' म्हणून त्यांची टर उडवली गेलीच.

इथे कबड्डीकडे पाहायला हवं. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे कबड्डी करून दाखवली होती. २०१४ मध्ये प्रो कबड्डी आली आणि ३० सेकंदांची चढाई, 'करो या मरो' चढाई घराघरांत पोचली. गावच्या सामन्यांत मॅट आली, पोरांच्या पायात बूट आले, पण माती काही सुटली नाही. कारण टीव्हीवर सामना पाहिलेल्या पोराला दुसऱ्या दिवशी कोणी अनोळखी लोकांसमोर, डोक्यावर नंबर लावून उभं करत नाही. तो आपल्याच गावात, आपल्याच पंचासमोर खेळतो. मोबाइल गेममध्ये पाहण्याचं मैदान आणि खेळण्याचं मैदान एकच झालं, आणि रँक त्या दोहोंना बांधून ठेवते. माझ्या मते मजा आटण्याचं मूळ इथे आहे. मोठी स्पर्धा वर्षातून काही दिवस असते, रँक रोज संध्याकाळी हजर.

मध्यंतरी सरकारने दोनदा खेळच थांबवला. २ सप्टेंबर २०२० रोजी ११८ ॲपवर बंदी आली, त्यात पबजी मोबाइलही होता. काहींनी व्हीपीएन लावून कोरियन व्हर्जन चालवलं. जुलै २०२१ मध्ये बीजीएमआय आला, २०२२ मध्ये त्याचे सामने चक्क स्टार स्पोर्ट्सवर दिसले आणि त्याच वर्षी जुलैच्या अखेरीस गेम स्टोअरवरून गायब झाला. मे २०२३ मध्ये परतला. जुना फ्री फायरही फेब्रुवारी २०२२ मध्ये गेला, मॅक्स राहिला. दरम्यान ई-स्पोर्ट्सला मान मिळत गेला. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत तो प्रदर्शनी खेळ होता, तिथे कच्छच्या भुजमधल्या तीर्थ मेहताने 'हार्थस्टोन'मध्ये कांस्य मिळवलं. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राने तो क्रीडा विभागाकडे सोपवला. घरच्यांचं बोलणं थोडं मवाळ झालं, अभ्यासाचं टुमणं मात्र तसंच.

या सगळ्यात पोरांनी स्वतःच एक पळवाट काढली, कस्टम रूमची, म्हणजे आपापल्यातल्या खासगी सामन्याची. व्हॉट्सअॅपवर आयडी-पासवर्ड टाकायचा, आजूबाजूच्या पाच-सात गावांची पोरं आत. रँकचा संबंध नाही. नियम आपले: आज फक्त तवा, बंदूक नाही; आज फक्त शॉटगन. तव्याने मारामारी सुरू झाली की जायरो असलेला आणि नसलेला एका रांगेत येतात. "मले रिवाइव कर ना बे" म्हणून ओरडणाऱ्याला ओळखीचाच शत्रू मुद्दाम जिवंत सोडतो. पोळ्याच्या, कोजागिरीच्या आसपास मोठी रूम लागायची, माणशी ५० रुपये एंट्री, ऑनलाइन भरायची, जिंकणाऱ्या स्क्वाडला जमलेली रक्कम.

ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. त्यात ई-स्पोर्ट्सला प्रोत्साहन आहे, पण त्यासाठी मान्यता आणि नोंदणीची अट आहे. पैसे भरून पैसे जिंकायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आहे, मग खेळ नशिबाचा असो की कौशल्याचा. रोख खेळणारी, कर्ज काढून बुडणारी माणसं पाहिली की कायदा का झाला ते कळतं. पण ५० रुपयांची गावची रूम कुठल्या खणात बसते? नोंदणीकृत ई-स्पोर्ट ती नक्कीच नाही. आमच्याकडच्या एका ग्रुपच्या ॲडमिनने जोखीम नको म्हणून एंट्री काढूनच टाकली. आता हरलेल्या स्क्वाडने जिंकलेल्यांना धामणगावच्या स्टँडवर तर्री-पोहे खाऊ घालायचे असं ठरलं आहे. पोहे म्हणजे पैसे लावणं होतं का, हे अजून कोणी विचारलेलं नाही.